टेकडीवरचं हवा-हापिस

"रजिस्टरातला रकाना कोरा ठेवायचा नाही. अन् काऊन म्हणून इचारायचं नाही."

अण्णाजींनी पहिल्याच दिवशी मला हे सांगितलं. मी नुकतीच टेकडी चढून वर आले होते. धाप लागली होती, पदर वाऱ्यानं तोंडाला चिकटला होता, आणि त्या पदरातूनच मी विचारलं, "का?"

"झालं!" अण्णाजी म्हणाले. "इचारलंच!"

मैत्रिणींत बसले की त्या टेकडीचा विषय निघतोच. एकच किस्सा सांगायचा असं ठरवून सुरुवात करावी, तर त्याला धरून दुसरा येतो, दुसऱ्याला धरून तिसरा. वावटळीत पहिला पाचोळा उठला की सगळं वावर उठतं, तसं. एक जण म्हणाली, "शैले, यातलं अर्धं तू रचतेस." रचायला मला वेळ कुठे होता? घडत होतं तेच लिहून संपत नव्हतं!

आधी जागा सांगते. जळगाव जामोदच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अगदी पायाशी एक बोडकी टेकडी आहे. खाली नाला. त्या नाल्यावर धरण बांधायचं सरकारच्या मनात होतं. पण त्याआधी तिथे वारा किती, ऊन किती, पाणी किती उडून जातं, हे सगळं मोजून हवं होतं. म्हणून टेकडीच्या खांद्यावर एक पत्र्याची खोली आणि तिथून दीडशे पावलं वर, माथ्यावर, यंत्रं. झापडांच्या पांढऱ्या पेटीत फॅरनहाइटचा थर्मामीटर. खांबावर वाऱ्यानं फिरणाऱ्या चार वाट्या आणि त्यांचे फेरे मोजणारी डबी. आणि जमिनीवर भली मोठी पसरट परात, पाणी किती उडतं ते पाहायला. सकाळी साडेआठ, दुपारी अडीच, संध्याकाळी साडेपाच. तीन वेळा वर जायचं, आकडे पाहायचे, रजिस्टरात लिहायचे. खालच्या वस्तीतले लोक याला 'हवा-हापिस' म्हणत.

हापिसात माणसं तीन. सव्वीस वर्षं अशाच ठिकाणी काढलेले अण्णाजी. परातीसाठी आणि पिण्यासाठी नाल्यावरून पाणी आणणाऱ्या गयाबाई, ज्यांच्या घरात मी राहत होते. आणि मी, नवीन बी. एस्सी. इतक्या मुलांतून माझी निवड कशी झाली, असं लोक विचारतात. मुलाखतीला मी एकटीच गेले होते!

नेमणूक मार्चपासून तीन महिन्यांची, कच्ची. पावसाच्या तोंडावर साहेब येऊन रजिस्टर पाहणार आणि शेरा देणार. शेरा चांगला पडला तर नोकरी पक्की. मी वाढले पिंपळगाव राजाला, मामांकडे. त्यांनी मला सोडलं ते एका अटीवर. "तीन महिने. पक्की झाली तं ठीक. नाही झाली तं मुकाट्यानं घरी यायचं, अन् आम्ही दाखवू त्या पोराले हो म्हणायचं."

मी 'हाव' म्हणून होकार दिला होता. तेव्हा मला वाटत होतं, आकडे पाहून लिहायचे, यात काय अवघड आहे!

*

पहिला धडा वाऱ्यानं दिला. मी नेमणुकीचा कागद अण्णाजींच्या हातात द्यायला गेले. त्यांनी हात पुढे केला, मी कागद सोडला, आणि त्या दोन बोटांच्या अंतरातून वारा तो घेऊन गेला!

मी धावले. कागद पुढे, मी मागे, टेकडीचा अर्धा उतार. पाण्याची घागर डोक्यावर घेऊन गयाबाई वर येत होत्या. त्यांनी घागरीला धरलेला हात तसाच ठेवला, दुसरा हात सहज वर केला आणि कागद हवेतून तोडून घेतला, झाडावरचं बोर तोडावं तसा.

"कागद सोडायचा नसते इथं, बाई," त्या म्हणाल्या. "माणूस सोडलं तं येते परत."

वर आले तेव्हा अण्णाजींनी मला टेबल दाखवलं. टेबलावर ओळीनं दगड मांडलेले. "हा रजिस्टराचा दगड. हा टपालाचा दगड. हा रजेच्या अर्जाचा."

रजेच्या अर्जाचा दगड सगळ्यांत मोठा होता. मी कारण विचारलं.

"खालचा अर्ज दोन वर्षांपासून हाये. अजून मंजूर नाही झाला!"

*

वाऱ्यामुळे तिथे सगळे ओरडून बोलत. शेजारी बसलेल्या माणसाला "पाणी द्या" म्हणायचं तर पोटातून आवाज काढायचा. पंधरा दिवसांत मला त्याची इतकी सवय झाली की मी ओरडते आहे हेच कळेना.

एप्रिलमध्ये मामांनी निरोप धाडला, एक दिवसासाठी ये. गेले तर ओसरीवर पाहुणे बसलेले. मुलगा, मुलाचे वडील, काका. मला काही न विचारता पाहायचा कार्यक्रम ठरलेला! मी मनातून धुमसत होते, पण चहाचा ट्रे घेऊन गेले. आणि अगदी आदरानं, माझ्या समजुतीप्रमाणे अगदी हळू आवाजात विचारलं, "साखर किती घालू?"

मुलगा दचकून उठून उभा राहिला! काकांची बशी हिंदकळली. गोठ्यात बैलानं मान वर केली.

मुलाच्या वडिलांनी मामांना बाजूला घेतलं. "पोरीले ऐकू कमी येते का?"

मामा घाईघाईनं म्हणाले, "नाही नाही, थे सरकारी नोकरीत हाये."

"अस्सं," वडील म्हणाले. मान हलवत परत आले आणि माझ्याशी बोलताना आपणच ओरडायला लागले.

स्थळ मोडलं नाही, हे मात्र सांगायला हवं. त्यांनी जूनपर्यंत थांबू असं कळवलं. मामांनी मला बसमध्ये बसवताना बोट वर करून सांगितलं, "शेरा. लक्षात ठेव."

*

आता उन्हाचं सांगते. तसं ऊन मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मी काही थंड हवेच्या ठिकाणी वाढलेली नाही!

दुपारी अडीचला माथ्यावर उभं राहिलं की खालचं सगळं मैदान हलताना दिसायचं. जळगाव जामोदची झाडं जमिनीपासून सुटून वर तरंगायची. रस्त्यावरून बंडी येत असेल तर आधी नुसते बैल हवेत चालताना दिसत, मग खाली त्यांचे पाय उगवत. एक पक्षी नाही, एक आवाज नाही. फक्त वारा, आणि तोही भट्टीचं दार कोणी उघडं ठेवल्यासारखा. आपण इथे उभे आहोत याचंच मला आश्चर्य वाटायचं. पळून जावंसं वाटायचं, आणि पाय हलायचे नाहीत, इतकं ते बघत राहण्यासारखं होतं.

अण्णाजी मात्र दुपारचे वर जात नसत. दाराच्या लोखंडी कडीला हात लावत, डोळे मिटत आणि मोजत. "एक, दोन, तीन... हां! एकशे अकरा." आणि एकशे अकरा लिहून टाकत!

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "अण्णाजी, ही वेधशाळा आहे! कडीला विचारून आकडे लिहितात का?"

"वर जाऊन पाह्य तू."

मी तरातरा वर गेले. पेटी उघडली. एकशे अकरा.

योगायोग असेल म्हणून दुसऱ्या दिवशी गेले. अण्णाजींनी कडी सहा मोजेपर्यंत धरली आणि एकशे सहा सांगितले. पेटीत एकशे सहा. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, तेच. मी हट्टानं रोज जात होते आणि रोज हात हलवत परत येत होते. नवव्या दिवशी त्यांनी सांगितलं एकशे आठ, आणि पेटीत होतं एकशे नऊ! मी नाचत खाली आले. "चुकलात! एक डिग्री चुकलात!"

अण्णाजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "टाचा वर करून पायलं होतं का?"

"नाही. का?"

"तू बुटकी हायेस. खालून पायलं की पारा एक घर वर दिसते. रोज टाचा वर करत असशील, आज घाईत राह्यलं."

मी परत वर गेले. टाचा उंचावल्या, डोळे पाऱ्याच्या बरोबर रेषेत आणले. एकशे आठ!

त्या दिवशी मी पेटीजवळच बसून राहिले. सव्वीस वर्षांच्या उन्हानं या माणसाच्या तळहाताचंच यंत्र केलं होतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्यांच्याशी भांडावंसंही वाटलं. दुसऱ्या दिवशी पेटीखाली एक सपाट दगड आणून ठेवलेला दिसला, मला उभं राहायला.

"अण्णाजी," मी म्हटलं, "तुम्हाला सगळं हातानं कळतं, तर मग मी रोज वर जायचंच कशाला?"

"थेच तं म्या म्हणून राह्यलो!"

मी गेले, अर्थात. रोज गेले. हात अण्णाजींचा होता, आकडा माझ्या सहीचा होता.

*

वाळवीचा किस्सा छोटा आहे.

मागच्या वर्षीचं रजिस्टर लाकडी पेटीत होतं. मे महिन्यात उघडलं तर वाळवीनं मार्च आणि एप्रिल खाऊन टाकलेले! फेब्रुवारी शाबूत, मे शाबूत, मधले दोन महिने मातीची भुकटी. कागदाच्या त्या भुकटीतून पांढरे किडे आपले शांतपणे इकडून तिकडे जाताहेत.

अण्णाजींनी नवीन कागद घेतले, सावलीत मांडी घातली आणि एका दुपारी दोन महिने लिहून काढले! सकाळ, दुपार, संध्याकाळ. एकही रकाना कोरा नाही. अक्षर मोत्यासारखं.

मी म्हटलं, "अण्णाजी, हे सरळ सरळ खोटं आहे!"

ते खरंच दुखावले. "खोटं कायले? उधईनं कागद खाल्ला. ऊन तं पडलंच होतं ना!"

*

त्याच आठवड्यात साहेब पाहणीला आले. साहेब देशावरचे, बोलणं एकदम पुस्तकी, कपडे परीटघडीचे. जीपमधून उतरले आणि चिलटांनी त्यांना घेरलं.

ही चिलटं म्हणजे तिथली खरी रहिवासी. मोहरीएवढी. चावत नाहीत, पण थेट डोळ्यात शिरतात, डोळ्यातलं पाणी प्यायला! त्या रखरखाटात कोसभर तेवढीच ओल असते ना. आम्ही तिघं पापण्या अर्ध्या मिटून बघायला शिकलो होतो. साहेबांना कोणी शिकवलेलं नव्हतं. ते हात हलवू लागले तशी चिलटं वाढली.

शेवटी त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. "अण्णाजी, सही कुठे करायची, बोट ठेवा!"

अण्णाजींनी त्यांचं बोट धरून पानावर टेकवलं. साहेबांनी सही केली. वाळवीनं खाल्लेल्या मार्चवर केली, एप्रिलवर केली, आणि जीपमध्ये बसल्यावर डोळे उघडून म्हणाले, "रजिस्टर छान ठेवलंय. बाई, शिका यांच्याकडून!"

जीप गेल्यावर मी अण्णाजींकडे रागानं पाहिलं. ते निवांत तंबाखू मळत होते.

"याइच्या आधीचे चार सायेब उघड्या डोळ्यांनं सही करत," ते म्हणाले. "थ्याइनंही काई वेगळं नाही केलं."

*

पण साहेब अगदीच काही न पाहणारे नव्हते. आठच दिवसांत त्यांचं पत्र आलं. 'परातीतून पाणी उडण्याचे आपले आकडे अशक्यप्राय आहेत. खुलासा करावा.'

परातीचं काम असं, की रोज सकाळी पाणी एका सुईच्या टोकापर्यंत भरायचं. जेवढं पाणी घालावं लागलं तेवढं आदल्या दिवशी उडालं. मेमध्ये मी रोज घालत होते, घालत होते, आणि सुईचं टोक काही बुडत नव्हतं.

अण्णाजींचा उपाय तयार होता. "दोन घरं कमी करून लिही. सायेब खुश, आपण खुश."

"आणि पाणी?"

"पाणी कोणाले सांगाले जाते?"

मला ते मान्य नव्हतं. परातीवर जाळी होती, तेव्हा माकडं पीत नव्हती. बूड मी तपासलं, कुठे गळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला ओला टॉवेल डोक्यावर घेऊन मी परातीपासून दहा पावलांवर बसले. गयाबाई पाणी घेऊन आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता शेजारी बसल्या.

आधी एक आली. मग पाच. मग वरच्या कड्याकडून हवेत एक करडी दोरी सुटल्यासारखं काहीतरी हलत येताना दिसलं. आग्यामोहोळाच्या माश्या! शेकडो, हजारो. परातीच्या जाळीवर एकेका भोकापाशी एकेक माशी बसली. ढकलाढकली नाही, गडबड नाही. एक पिऊन उठली की तिच्या जागी दुसरी. सगळी जाळी काळीसोनेरी झाली आणि ती जिवंत असल्यासारखी वरखाली होऊ लागली. आणि तो आवाज! आवाज कानात नव्हता, छातीच्या हाडात होता.

हलले असते तर त्यांनी मला तिथेच संपवलं असतं. पण हलायचं माझ्या मनातही आलं नाही. माझा श्वास आपोआप बारीक झाला होता.

गयाबाई तोंड न हलवता म्हणाल्या, "पोरासोरांसाठी नेऊन राह्यल्या. पोळ्यावर शिंपडतात. नाही तं मेण वितळते."

एवढ्या उन्हात, एका थेंबासाठी त्या कड्यावरून खाली, आणि थेंब घेऊन परत वर. दिवसभर. आणि आम्ही दिवसातून तीनदा दीडशे पावलं चढतो म्हणून कण्हत होतो!

दुसऱ्या दिवशी गयाबाईंनी आपल्या आपणच कड्याच्या वाटेवर एक ओलं गोणपाट पसरलं आणि त्यावर घागरभर पाणी ओतलं. दोन दिवसांत माश्या तिकडे वळल्या. परातीचे आकडे शहाण्यासारखे खाली आले.

"हे कसं जमलं?" मी विचारलं.

"तुमचं पाणी मोजेल होतं, माह्यं बिनमोजेल," गयाबाई म्हणाल्या. "थ्याइले बिनमोजेल आवडलं."

मी खुलासा लिहायला बसले. साहेबांना काय ते खरं कळवावं आणि रजिस्टरातही नोंद करावी, 'पाणी मधमाश्यांनी प्यायलं'.

अण्णाजींनी पान उलटून पालटून पाहिलं. तारीख, वेळ, पारा, वारा, पाणी, शेरा.

"मधमाशीचा रकाना नाही," ते म्हणाले, आणि रजिस्टर मिटलं!

*

आता हा जूनचा.

त्या दिवशी सकाळपासून डोळ्यांत एकही चिलट आलं नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा! मी खुशीत होते. गयाबाई मात्र बकऱ्या आत ओढत होत्या. "बाई, आज वर जाऊ नोको व." कड्यावर पाहिलं तर माश्यांची हालचाल नाही. आणि वारा पडलेला. तीन महिन्यांत तोही पहिल्यांदा. मला माझ्याच चपलांचा आवाज ऐकू येत होता.

सव्वादोनला अण्णाजी दारात उभे. "आजचं रीडिंग म्या सांगतो. तू बस."

"अडीचचं आहे. अडीचला जाईन."

"ऐक, पोरी."

मी गेले.

माथ्यावर पोचले आणि दक्षिणेला पाहिलं. जळगाव जामोद नव्हतं. झाडं नव्हती, रस्ता नव्हता. जमिनीपासून आभाळापर्यंत एक तांबूस भिंत उभी होती आणि ती चालत येत होती. आवाज काहीच नाही. मी घड्याळ पाहिलं, दोन अठ्ठावीस. थर्मामीटर पाहिला, लिहिला. परात पाहिली, लिहिली. मग खांबाकडे वळले, वाऱ्याचा आकडा घ्यायला, आणि तेवढ्यात ती भिंत माझ्यावरून गेली.

मी पडले की मला पाडलं, सांगता येत नाही. पोटावर पडले होते आणि खांबाच्या बुडाला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. तोंडात माती, कानात माती. वर पाहिलं तर चार वाट्या दिसत नव्हत्या. वाट्यांच्या जागी एक अखंड कडं होतं, चमकणारं, आणि त्यातून एक बारीक किंकाळी निघत होती. ती चढत गेली, चढत गेली, माणसाच्या गळ्यातून निघणार नाही इतकी वर गेली. भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. पण भीतीच्याही वर काहीतरी होतं. मी हसत होते! दातांत माती भरली तरी मला तोंड मिटता येत नव्हतं.

मग किंकाळी तुटली. मी पुन्हा पाहिलं. कडं नव्हतं. मोजणीची डबी नव्हती. नुसता खांब होता, आणि तोही वाकलेला.

किती वेळ गेला माहीत नाही. सरपटत खाली आले तर हापिसावर छप्पर नव्हतं. टेबलाखाली अण्णाजी बसले होते, सगळी रजिस्टरं छातीशी कवटाळून. भुवया मातीनं तांबड्या. मला पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"रीडिंग घेतलं का?"

तिसऱ्या दिवशी जीप आली. त्यातून साहेब उतरले आणि मागून मामा! जळगाव जामोदच्या बाजारात मामांनी ऐकलं होतं की हवा-हापिस उडालं आणि त्यातली बाईही उडाली. मला धडधाकट पाहिल्यावर त्यांनी आधी डोळे पुसले आणि लगेच रागावले. "सामान बांध!"

"थांबा," साहेब म्हणाले. "आधी रजिस्टर."

छप्पर नसलेल्या खोलीत आम्ही बसलो. साहेबांनी पानं उलटली. मार्च, एप्रिल, मे. मधमाश्यांचा खुलासा मी पोस्टानं पाठवला होता, तो त्यांनी वाचला होता. ते हसलेही. शेवटच्या पानावर थांबले. "बाई, काम पसंत आहे मला. कायम करावं असा शेरा मी इथेच लिहून देतो. फक्त हा परवा दुपारचा वाऱ्याचा रकाना राहिलाय."

"यंत्र उडालं साहेब. आकडा नाही मिळाला."

"ते समजलं. पण अपुऱ्या रजिस्टरावर मला शेरा लिहिता येत नाही. अण्णाजी, तुमचा काय अंदाज?"

अण्णाजींनी मान खाली घातली. मग म्हणाले, "साठ धरा सायेब. ताशी साठ मैल."

"लिहा बाई, साठ. आणि खाली सही." साहेबांनी आपलं पेन उघडून माझ्यापुढे धरलं.

मी पेन घेतलं नाही.

"लिही ना व!" मामा म्हणाले. "एक आकडा तं हाये! नाही तं चाल घरी, थे लोक जूनची वाट पाहून राह्यले."

"पोरी," अण्णाजी हळूच म्हणाले, "लिहून टाक. सव्वीस वर्षांत कोणी इचारलं नाही."

"साठ नव्हता, अण्णाजी."

"मग किती होता?" साहेबांचा आवाज चढला. "तुम्ही होता ना वर? सांगा, किती होता?"

"मोजायचं यंत्र वारा घेऊन गेला, साहेब. तेवढा होता. त्याच्याहून कमी मी लिहिणार नाही."

साहेबांनी अण्णाजींकडे पाहिलं. अण्णाजींनी मामांकडे. मामांनी वर, जिथे छप्पर नव्हतं तिथे.